पंचवीस एमबीची जागा

पुण्याहून बापटांचा फोन आला तेव्हा सयाजी माने एका व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगवर शेवटचा हात फिरवत होता. बापट एका पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं खातं सांभाळायचे, आणि साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दोन खोल्यांत चालणाऱ्या ‘माने ड्रॉइंग ऑफिस’ची निम्मी चूल त्यांच्या कामावर पेटायची.

“माने, तुमची फ्लॉपी उघडत नाहीये.”

“साहेब, काल पाठवायच्या आधी दोनदा तपासली होती.”

“तपासली असेल हो. इथे उघडत नाही. या महिन्यातली ही तिसरी. एक विचारू? तुम्ही नेटवर का नाही ठेवत फायली? सांगलीच्या क्रांतीबाई ठेवतात. त्यांनी तिकडे ठेवल्या की आम्ही इकडे उचलून घेतो. फ्लॉपी नको, एसटी नको, स्वारगेटला माणूस पाठवायला नको.”

“बघतो साहेब,” सयाजी म्हणाला.

फोन ठेवला तरी त्याच्या कानात एकच शब्द घुमत राहिला. क्रांतीबाई. बाई! सहा वर्षांपूर्वी ही पोरगी याच खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून खोडरबरानं कागद फाडत होती, आणि सयाजी तिला म्हणायचा, “ए पोरी, रबर हाय का नांगुर?”

सयाजी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा. अठराव्या वर्षी फौजेत भरती झाला, इंजिनिअर पलटणीत ड्राफ्ट्समनचं काम शिकला आणि सतरा वर्षांनी हवालदार होऊन परत आला. गावी जमीन होती ती पावसावरची. तिच्या नादी न लागता त्यानं साताऱ्यात बोर्ड टांगला. त्याचा हात असा की कारखान्यांचे इंजिनिअर त्याचं ड्रॉइंग उन्हाकडं धरून बघायचे आणि विचारायचे, “हे छापलंय की काढलंय?” पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा चाळिशीला टेकलेला असूनही पुण्याला जाऊन तो तेही शिकून आला. साताऱ्यात कॉम्प्युटरवर यंत्रभागांची ड्रॉइंगं काढणारा पहिला माणूस आपण, असं तो सांगायचा. ते खरं होतं की नाही कोण जाणे, पण अजून कुणी खोडून काढलं नव्हतं.

क्रांती शिराळ्याची. आयटीआयचा कागद घेऊन त्र्याण्णव साली त्याच्या दारात उभी राहिली. सयाजीनं तिला रेघ ओढायला शिकवलं, माप लिहायला शिकवलं, ओतकाम थंड झाल्यावर किती आकसतं ते शिकवलं. चार वर्षांत ती त्याच्याइतकी वेगवान झाली. मग तिचं लग्न ठरलं, ती सांगलीला गेली आणि तिथं घरातच स्वतःचं काम सुरू केलं. बापटांनी आपणहून तिला एक-दोन ड्रॉइंगं दिली, मग दहा दिली. तिनं सयाजीचं काम पळवलं नव्हतं. हे सयाजीला ठाऊक होतं. तरी चहाच्या टपरीवर विषय निघाला की तो म्हणायचा, “मीच वाढवलं, आन माझ्याच ताटातलं न्हेलं.”

त्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी गेला तोच कपाळाला आठी घालून. त्याची बायको शालू भाकरी थापत होती.

“आवं, काय झालं?” तिनं विचारलं.

“काय न्हाई. त्या क्रांतीनं इंटरनेट घेतलंय.”

“मग बरंच झालं की तिचं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” सयाजी म्हणाला, आणि एरवी तीन भाकरी खाणारा माणूस दीड भाकरीवर उठला.

पोवई नाक्यावर अवधूत देशपांडेनं नुकतंच सायबर कॅफे काढलं होतं. एकोणीसशे नव्याण्णव साल ते, शहरात अशी दोन-तीनच दुकानं. अवधूत तिशीचा, पुण्यातली नोकरी सोडून घरी परतलेला, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा समजावून सांगायला त्याला फार आवडायचं. सयाजीनं त्याच्यासमोर खुर्ची ओढली, खिशातनं कागद काढला, पट्टी न धरता त्यावर चार सरळ रकाने आखले आणि म्हणाला, “नेटवर फायली ठेवायला जागा पायजे. माझ्या गिऱ्हाइकानं तिथनं उचलायच्या. काय काय मिळतं, सांगा.”

“ई-मेलनं का नाही पाठवत?”

“पाठवून बघितलं. त्यांची पेटी दोन एमबीची. धा ड्रॉइंगं गेली की भरती, आन अकरावं माघारी येतं.”

अवधूतनं सांगायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या काही कंपन्या फुकट जागा देतात, दहा-पंधरा एमबी, पण ती वेबसाइटसाठी असते. कुलूप नसतं. पत्ता ठाऊक असला की कुणीही फाइल उचलणार, आणि वर जाहिराती नाचणार त्या वेगळ्याच. दुसरा प्रकार अगदी नवा निघालाय, नुसत्या फायली ठेवण्यासाठीच. पंचवीस एमबी, तेही फुकट, पासवर्ड असतो, वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे कप्पे करता येतात. पण फुकटचं दुकान उद्या बंद झालं तर विचारायचं कुणाला? तिसरं म्हणजे पुण्यातल्या एका कंपनीची भाड्याची जागा. पाच एमबीला वर्षाचे अठराशे, पन्नास एमबीला नऊ हजार. कुलूप पक्कं, आणि अडलं तर फोन उचलायला मराठी माणूस.

सयाजीनं सगळं रकान्यात उतरवलं. अक्षर इतकं नेटकं की अवधूत बघतच राहिला.

“तुमचं एक ड्रॉइंग केवढं असतं?” अवधूतनं विचारलं.

“दाबून बारीक केलं की दीडशे केबी. लय झालं तर दोनशे.”

“आणि गिऱ्हाइकांनी उचललं की तुम्ही पुसणारच. मग पाच एमबी तुम्हाला रग्गड झाली, मानेसाहेब.”

सयाजी कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “सांगलीत एक बाई हाय. तिनं कुठली जागा घेतली आसंल?”

“ते मला कसं कळणार?”

“न्हाई, अदमास?”

“फुकटातली पंचवीसवाली घेतली असेल. आता सगळे तीच घेतात.”

“मग मला पन्नासवाली सांगा,” सयाजी म्हणाला.

अवधूत हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. सयाजीनं पैसे भरायला दोन दिवसांची मुदत मागितली आणि तो बाहेर पडला. दोन दिवस कशाला, तर त्याला आधी सांगलीला जाऊन डोळ्यांनी बघायचं होतं. नऊ हजार घालायचे तर समोरच्याची उंची मोजूनच घालावेत, असा त्याचा हिशेब. आपण कशापायी चाललोय हे त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. सांगलीत एका ओतकामाच्या फाउंड्रीत काम आहे, असं शालूला सांगून तो सकाळच्या गाडीत बसला.

उसाचा हंगाम सुरू झाला होता. कराडपासनं पुढं रस्ताभर ट्रॅक्टर, आणि त्यांच्या मागं रखडणारी एसटी. कासेगावजवळ गाडी अर्धा तास उभी राहिली. सयाजी खिडकीतनं बघत मनातल्या मनात क्रांतीचं ऑफिस रंगवत होता. विश्रामबागला काचेचं दार, आत गार हवा, तीन कॉम्प्युटर, दाराशी पोरगी बसवलेली. जितकं रंगवलं तितकं त्याला गाडीत गुदमरायला लागलं.

प्रत्यक्षात ते घराच्या मागच्या अंगाची खोली निघाली. वर पत्रा, एक कॉम्प्युटर, त्यावर जुन्या साडीचं आच्छादन. भिंतीशी धान्याची दोन पोती रचलेली. क्रांती दारातच धावत आली आणि वाकून त्याच्या पाया पडली.

“सर! आदी कळवायचं न्हाई व्हय? मी स्टँडवर आले असते.”

“फाउंड्रीत आलतो. म्हटलं जावं वाईच.”

तिनं चहा टाकला, पोहे केले. नवरा बँकेत गेला होता. सासू पुढच्या खोलीत टीव्ही बघत होती. सयाजी पोहे खाता खाता म्हणाला, “बापट सांगत हुते, तू नेटवर फायली ठेवतीस म्हणून.”

“व्हय की. या, दावते.”

त्याला वाटलं होतं, ती लपवेल. निदान जरा आढेवेढे घेईल. गिऱ्हाइकांचा मामला, कोण कुणाला दाखवतो! पण क्रांतीनं खुर्ची त्याच्यासाठी ओढली आणि स्वतः उभी राहून सगळं दाखवलं. फोनची तार कशी जोडायची, फाइल कशी दाबायची, कुठल्या पानावर जायचं. फुकटातली पंचवीस एमबीची जागा, अवधूत म्हणाला तीच. आत चार कप्पे, चार गिऱ्हाइकांचे. “ही साइट बंद पडली तर म्हणून दर शनवारी सगळं इथंबी उतरवून घेते, सर,” ती म्हणाली, आणि वहीतली नोंदही दाखवली. ती नोंद कशी ठेवायची ते सयाजीनंच शिकवलं होतं.

आत शिरताना तिनं पासवर्ड टाकला. दोन बोटांनी, सावकाश. पडद्यावर नुसते ठिपके उमटले, पण सयाजीची नजर कीबोर्डवर होती. एन, ए, जी, ओ, बी, ए. नागोबा. नागपंचमीच्या शिराळ्याची पोरगी, दुसरं काय ठेवणार! त्यानं मुद्दाम बघितलं नाही, असं नंतर तो स्वतःला सांगत राहिला. पण मुद्दामच बघितलं होतं.

“बापटसाहेबांनी नवीन मालिका दिलीया, सर,” क्रांती सांगत होती. “सहा पंपांची. चाळीस ड्रॉइंगं. तुमालाबी दिली आसतील की?”

सयाजीला त्यातलं एकही मिळालं नव्हतं. त्याला अशी मालिका आहे हेही माहीत नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला. “दिल्यात थोडी.”

निघताना क्रांती रिक्षापर्यंत सोडायला आली. “सर, तुमी बी हीच जागा घ्या,” ती म्हणाली. “फुकट हाय, आन आपल्या कामाला पुरती. उगा पैसे घालू नगा.” तिचा स्वर मोकळा होता. सयाजीला मात्र वाटलं, ही आता मला अक्कल शिकवायला लागली. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत त्याच्या छातीत काहीतरी ठसठसत होतं. ती ऐटीत राहिली असती, टाळाटाळ केली असती, तर राग धरायला जागा मिळाली असती. तिनं तीही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो अवधूतच्या कॅफेत कोपऱ्यातल्या मशीनवर बसला. अवधूतनं हाक मारली, “पैसे भरायचे का आज?” सयाजी म्हणाला, “थांबा, आदी जरा बघतो.” त्यानं ते पान उघडलं. नावाच्या जागी क्रांतीचं नाव घातलं, खाली नागोबा घातला. दार उघडलं.

फौजेत तो कितीतरी वेळा पहाऱ्यावर उभा राहिला होता. परवलीचा शब्द चोरून आत येणाऱ्याला काय म्हणतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तो हात मागं घेईना. बापटांच्या कप्प्यात नव्या मालिकेची अकरा ड्रॉइंगं होती. त्यातली चार त्यानं फ्लॉपीवर उतरवून घेतली, अवधूतच्या हातावर तासाचे पैसे ठेवले आणि ऑफिसात येऊन दार लोटून घेतलं.

पहिलं ड्रॉइंग उघडलं आणि त्याचा जीव खट्टू झाला. चांगलं होतं. मापं जिथं हवीत तिथं, एक जास्त नाही की एक कमी नाही. दुसरंही चांगलं. तो चष्मा लावून, एकेक रेघ धरून शोधायला लागला. जेवायला गेला नाही. तिसरं पंपाच्या मुख्य केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं होतं आणि चौथं तिच्यावर बसणाऱ्या झाकणाचं. चार वाजायच्या सुमारास त्यानं दोन्ही शेजारी शेजारी लावली आणि त्याला ते दिसलं.

केसिंग आणि झाकण आठ बोल्टांनी जोडायचं होतं. झाकणावर आठ भोकांचं वर्तुळ दोनशे दहा मिलिमीटरचं. केसिंगवर तेच वर्तुळ दोनशे चाळीसचं. भोकं एकमेकांसमोर येणं शक्यच नव्हतं. बरं, केसिंगवर त्या भोकांसाठी लोखंडाचे उठाव ओतायचे होते, म्हणजे ज्यावरनं साचा उठवतात तो लाकडी पॅटर्नच चुकणार, आणि त्यावरनं निघालेला प्रत्येक नग भंगारात जाणार.

सयाजी खुर्चीत मागं टेकला. कितीतरी दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी गेला तो पाव किलो कंदी पेढे घेऊन. शालूनं पुडा हातात घेतला. “कशाचं ओ?”

“कशाचं म्हंजे? खावंसं वाटलं.”

“कुणाचं काम मिळालं का?”

“मिळंल,” सयाजी म्हणाला, आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

त्याचं मन पुढचं सगळं बघत होतं. नग ओतले जातील. जुळवायला जातील, जुळणार नाहीत. बापट फोन आपटतील. मग इकडे फोन येईल, “माने, अहो जुनं ते जुनंच!” तो हळूच म्हणेल, “साहेब, पोरगी हाय, चुकायचीच.” हे वाक्य त्यानं मनात इतक्यांदा म्हणून बघितलं की ते तोंडात विरघळून गेलं. पेढ्यापेक्षा गोड.

क्रांतीला सांगायचं, असं एकदा मनात आलंच नाही असं नाही. पण सांगायचं कसं? तुझं ड्रॉइंग मी बघितलं. कुठं बघितलं? तुझ्या जागेत. आत कसे गेलात? त्या प्रश्नापाशी येऊन तो दरवेळी थांबायचा, आणि खरं सांगायचं तर थांबायला कारण मिळालं म्हणून त्याला बरंच वाटायचं. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता फोन वाजला. सांगलीचा कोंडीबा सुतार. फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करणारा हा म्हातारा सयाजीला पंधरा वर्षांपासून ओळखायचा. एका जुन्या व्हॉल्व्हच्या पॅटर्नचं काहीतरी माप त्याला विचारायचं होतं. सयाजीनं ते सांगितलं.

“बरं झालं गड्या,” कोंडीबा म्हणाला. “आता त्ये बाजूला ठेवतो. पंपाच्या केसिंगचं काम हातात घेतलंय, पुण्याच्या कंपनीचं. कालच सागवान आणलं. पैसं काम झाल्यावर मिळत्यात, तवा लाकूड आपल्याच खिशातलं.”

“कुणाचं ड्रॉइंग हाय?”

“तुमच्या क्रांतीचं की! लय साफ काढतीया पोरगी. ड्रॉइंग बघितलं की कळतंय, मानेचा हात हाय ह्यो. मी तर म्हणलं पोरांस्नी, ह्यात मापं ताडून बघायची बी गरज न्हाई. लावा करवत.”

“लावली का?” सयाजीनं विचारलं.

“लावतो आता. ठेवू फोन?”

तेवढंच बोलायचं होतं. थांब कोंडीबा, एक माप चुकलंय. पण सयाजीच्या तोंडून “बरं” एवढंच निघालं, आणि पलीकडं फोन ठेवला गेला.

तो तसाच बसून राहिला. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चोरून आणलेली केसिंग अजून उघडीच होती. मानेचा हात हाय ह्यो. दोन दिवस तो ज्याची वाट बघत होता ते आता सांगलीत एका म्हाताऱ्याच्या अंगणात, म्हाताऱ्याच्याच पैशाच्या लाकडावर सुरू होणार होतं. त्यात बापट नव्हते आणि क्रांतीही नव्हती. होता तो त्याच्या नावावर विसंबलेला कोंडीबा. सयाजीला स्वतःची किळस आली. पाऊण तास त्यानं खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग सांगलीचा नंबर फिरवला.

“क्रांती, मी सर बोलतोय. कागूद घे. नव्या केसिंगवर आठ भोकांचं वर्तुळ दोनशे चाळीस पडलंय. झाकणावर दोनशे धा हाय. कोंडीबानं करवत लावलीया. त्याला पयला थांबीव.”

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. “आगं बया... व्हय सर. दोनशे धा पायजे. पर तुमाला कुणी दिलं हे ड्रॉइंग?”

“आदी कोंडीबाला थांबीव. मग सांगतो.”

वीस मिनिटांनी तिचाच फोन आला. कोंडीबाच्या शेजारच्या दुकानात फोन करून तिनं काम थांबवलं होतं. एक फळी कापून झाली होती, बाकी लाकूड वाचलं होतं. “आता सांगा,” ती म्हणाली. आवाजात सर नव्हतं.

सयाजीनं सांगितलं. कीबोर्डवर नजर ठेवली तिथपासनं फ्लॉपीपर्यंत. तिथवरचं काही गाळलं नाही. फौजेत साहेबासमोर उभं राहून चूक कबूल करावी तसं सरळ, एका सुरात बोलला. त्यानं न सांगितलेली एकच गोष्ट होती, आणि क्रांतीनं नेमकी तीच विचारली.

“कवा घावली चूक?”

“परवा. चार वाजता.”

“परवा? आन फोन आज?”

सयाजीनं पडद्यावरची केसिंग मिटवली.

“का वो, सर?”

“जळलो,” तो म्हणाला. “बापट तुला बाई म्हणले, तवापास्नं जळतोय.”

पलीकडनं तिच्या सासूच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग क्रांतीनं फोन ठेवला.

त्या दिवशी त्यानं शालूला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल, जाऊ द्या, शेवटी फोन केला न्हवं. शालू पोळपाट धूत होती. तिनं तो भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, “म्हंजी त्ये पेढं तेचं हुतं!” पुडक्यात चार पेढे उरले होते. ते तिनं खाल्ले नाहीत, पोरांनाही दिले नाहीत. सकाळी शेजारच्यांच्या गाईपुढं टाकून आली.

आठ-दहा दिवस सांगलीहून काही कळलं नाही. फोन वाजला की सयाजी दचकायचा. त्याला पक्कं वाटत होतं की क्रांतीनं बापटांना सगळं सांगितलंय आणि आता पुण्याचं उरलंसुरलं कामही जाणार. ते गेलं तर तक्रार करायला तोंड नव्हतं. शेवटी एका सोमवारी बापटांचाच फोन आला.

“माने, केसिंगमधली चूक तुम्ही पकडलीत म्हणे. क्रांतीबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, चूक माझी, पकडली सरांनी. बरं झालं. लाखभराचं ओतकाम वाया गेलं असतं. आता असं करू, त्यांची चाळीसही ड्रॉइंगं तुम्ही तपासून द्या. तपासणीचे वेगळे पैसे देऊ. ही त्यांचीच सूचना आहे.”

“त्यांना चालणार हाय?” सयाजीनं विचारलं. क्रांतीला ‘त्यांना’ म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“अहो, त्यांनीच सुचवलं म्हणतोय ना!”

दुपारी त्यानं सांगलीला फोन लावला. “चूक कशी घावली ते तू बापटांना सांगितलं न्हाईस,” तो म्हणाला.

“सांगून काय मिळणार हुतं? तुमचं काम गेलं असतं, आन मला तपासणारं कुणी ऱ्हायलं नसतं.” क्रांतीचा आवाज कोरडा होता. “पर सर, मी इसरले असं समजू नगा. चुकीचं मला काय वाटलं न्हाई, चूक माझीच हुती. तुमी दोन दिस गप ऱ्हायला, त्ये जिव्हारी लागलं. पासवर्ड बदललाय. माझ्या जागेत तुमी यायचं न्हाई. तुमी तुमची जागा घ्या, तिचा पत्ता कळवा. ड्रॉइंगं मी तिथं आणून ठेवीन.”

“बरं,” सयाजी म्हणाला. “घेतो.”

“आन महागाची घेऊ नगा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो कॅफेत गेला. अवधूतनं लगेच पन्नास एमबीचा फॉर्म काढला. सयाजीनं खिशातनं तो जुना चार रकान्यांचा कागद काढून टेबलावर पसरला. गेल्या वर्षभरात महिन्याला जास्तीत जास्त किती ड्रॉइंगं गेली हे तो घरूनच काढून आला होता. अठरा. अठरा गुणिले दोनशे. त्यात तपासणीची आठ-दहा मिळवली तरी साडेपाचच्या वर जात नव्हतं, आणि उचललेली फाइल पुसायची म्हटल्यावर पाचात बसत होतं. फुकटची जागा त्यानं बराच वेळ न्याहाळली. पण दुसऱ्याची ड्रॉइंगं आपल्याकडं राहणार, उद्या काही झालं तर जाब विचारायला माणूस हवा, हे त्याला महत्त्वाचं वाटलं. आणि आपलं कुलूप पक्कं असावं, ही गोष्ट तो आता कुणाहीपेक्षा जास्त जाणत होता.

“पाचवाली द्या,” तो म्हणाला. “अठराशेची.”

“अहो, परवा तर पन्नास म्हणत होता!”

“परवा मी दुसऱ्याचं माप घेत हुतो,” सयाजी म्हणाला आणि फॉर्म भरायला बसला. पासवर्डच्या रकान्याशी आला तेव्हा त्यानं अवधूतला मान वळवायला सांगितली.

जागा सुरू व्हायला चार दिवस लागले, तेवढ्यात त्यानं ऑफिसच्या फोनवर नेटही जोडून घेतलं. पत्ता त्यानं बापटांना आणि क्रांतीला कळवला. पहिलं स्वतःचं ड्रॉइंग वर चढवलं तेव्हा फोनची लाइन तीनदा तुटली, चौथ्यांदा गेलं, आणि बापटांनी “मिळालं” एवढा एक शब्द ई-मेलनं पाठवला. सयाजीनं तो शालूला दाखवण्यासाठी कागदावर छापून घेतला.

आठवड्यानं क्रांतीची पहिली सहा ड्रॉइंगं त्याच्या जागेत येऊन पडली. सोबत निरोप नव्हता, नमस्कारही नव्हता. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘काढणार’ पुढं तिचं नाव होतं आणि ‘तपासणार’ पुढं रिकामी जागा. सयाजीनं पहिलं ड्रॉइंग उघडलं, चष्मा पुसला आणि रेघ न् रेघ धरून बघायला लागला. तेच पुन्हा छातीत हललं. कुठंतरी एखादं माप चुकलेलं असावं, एखादी रेघ राहून गेलेली असावी, असं त्याला वाटत होतं, आणि वाटतंय हे त्याला कळतही होतं.

तासभर त्यानं शोधलं. चूक नव्हती. एका ठिकाणी तर तिनं कापलेला भाग असा दाखवला होता की दोन आकृत्यांचं काम एकीतच भागलं होतं. ते त्यानं तिला शिकवलेलं नव्हतं. तो त्या जागेकडं बराच वेळ बघत बसला. मग त्यानं रिकाम्या चौकटीत आपलं नाव घातलं, फाइल परत वर चढवली, आणि दुसरं ड्रॉइंग उघडलं.